स्लॉट चार, लेन सहा : इंदिरानगरमधल्या एका घरगुती सर्व्हरचं प्रकरण

नाशिकच्या इंदिरानगरमधलं एक जोडपं लग्नसमारंभांच्या फोटो-व्हिडिओचं काम करतं. कॅमेरा त्याच्याकडे, एडिटिंग तिच्याकडे. २०१५च्या सिंहस्थात रामकुंडावर केलेलं चित्रीकरण, त्यानंतरची लग्नं, मुंजी, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे हौद), असा सुमारे ३० टीबीचा साठा सतरा सुट्या यूएसबी डिस्कवर पसरला होता. प्रत्येक डिस्कवर मार्करने लिहिलेलं साल, आणि त्यातल्या दोन डिस्क खरखर करू लागलेल्या. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलेला, नवं काम अंगावर पडण्याआधी जुनं सगळं एका जागी सुरक्षित आणायचं होतं. त्यासाठी एडिटिंगच्या जुन्या मशीनचाच सर्व्हर करायचं ठरलं.

मशीन असं होतं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा वाय-फायवाला मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ३२ जीबी रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि एक साधं डिस्प्ले कार्ड. बोर्डावर डिस्क जोडायचे साटाचे चार पोर्ट, चपट्या एसएसडीसाठी एम.टूचा एक स्लॉट आणि कार्डं बसवायचे पीसीआय एक्सप्रेसचे चार स्लॉट (एक्सपुढचा आकडा म्हणजे लेन, डेटाच्या समांतर वाटा): वर एक्स १६, मधे दोन छोटे एक्स १, आणि सगळ्यात खाली पुन्हा एक लांबलचक स्लॉट, दिसायला एक्स १६, आत वायरिंग एक्स ४ची.

मागणी अशी: ८ टीबीच्या आठ हार्ड डिस्क रेड-झेड २मध्ये, म्हणजे कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी माल शाबूत आणि हाती ४८ टीबी, म्हणजे सर्व्हरच्या पडद्यावर दिसणारे साधारण ४३.६ टीआयबी (१०२४च्या पटीत मोजलेले टीबी). चालू कामासाठी २ टीबीच्या दोन एनव्हीएमई डिस्क (एम.टूमध्ये बसणाऱ्या वेगवान एसएसडी), एकमेकींची आरसाप्रत ठेवणाऱ्या. सिस्टिमसाठी एक छोटी साटा एसएसडी. एडिटिंगच्या नव्या मशीनपर्यंत एक गिगाबिटपेक्षा वेगवान नेटवर्क. आणि बायोस (मशीन सुरू होतानाचं बोर्डाचं सॉफ्टवेअर) बघायला पडदा लागला तर डिस्प्ले.

यासाठी चार कार्डं लागत होती: डिस्प्ले कार्ड, आठ डिस्क जोडणारं एचबीए, अडीच गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि दुसऱ्या एनव्हीएमईसाठी एम.टू अडॅप्टर. नाशिकमधल्याच कॅनडा कॉर्नरच्या दुकानदाराने बोर्डाचा फोटो पाहून सांगितलं, "ताई, चार स्लॉट आहेत ना, चार कार्डं आरामात बसतील." बसलीही. या प्रकरणाचा सगळा पेच इथूनच सुरू होतो, कारण बसणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली मांडणी

वरच्या एक्स १६मध्ये डिस्प्ले कार्ड गेलं, कारण रायझन ५ ३६००मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. खालच्या लांब स्लॉटमध्ये एचबीए. मधल्या दोन एक्स १ स्लॉटांत नेटवर्क कार्ड आणि एम.टू अडॅप्टर. आठ डिस्क एचबीएवर, सिस्टिमची एसएसडी बोर्डाच्या साटा पोर्टवर, पहिली एनव्हीएमई बोर्डाच्या एम.टू स्लॉटमध्ये.

पहिल्यांदा पॉवर दिली तेव्हा पडदा काळा. पंखे फिरतायत, बायोस येत नाही. एचबीए काढलं की मशीन नीट सुरू. हे एचबीए सर्व्हरमधून निघालेलं, एसएएस २३०८ चिपचं वापरलेलं ओईएम (सर्व्हर कंपनीसाठी बनवलेलं) कार्ड होतं, आणि अशा कार्डांचा हा ओळखीचा त्रास आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या पट्टीवर एसएमबस नावाची एक हळू, दोन तारांची वाहिनी असते. सर्व्हर बोर्ड तिच्यावरून कार्डाचं तापमान, ओळख वगैरे विचारतो. डेस्कटॉप बोर्डांत हीच वाहिनी कधी कधी रॅमच्या माहितीच्या चिपांशी जोडलेली असते, कार्ड तिच्यात मधेच बोलतं आणि बोर्डाला रॅमच वाचता येत नाही.

उपाय हाताने करायचा आहे, आणि तो नीट समजून केला पाहिजे. कार्ड टेबलावर घ्या, ज्या बाजूला चिप आणि हीटसिंक आहे ती बाजू वर. ही बी बाजू. सोनेरी पट्टीत एक खाच दिसेल. खाचेच्या ब्रॅकेटकडच्या अंगाला जो छोटा तुकडा आहे त्यावर अकरा पट्ट्या असतात. ब्रॅकेटकडच्या टोकापासून मोजत पाचवी आणि सहावी पट्टी, या दोनच झाकायच्या. पट्ट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर, म्हणून चिकटपट्टीचा तुकडा २ मिलिमीटर रुंदीचा लागतो. साधा सेलोटेप नको. गरम झाला की त्याचा गोंद वितळून स्लॉटात राहतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारा पिवळसर कॅप्टॉन टेप घ्यायचा, ब्लेडने कापायचा, पट्टीच्या खालच्या काठापर्यंत बसवायचा पण मागच्या बाजूवर वळवायचा नाही. चौथी आणि सातवी पट्टी अर्थिंगच्या, त्या उघड्या राहिल्याच पाहिजेत. पहिल्या तीन १२ व्होल्टच्या आहेत, त्यांच्यावर टेपचा कण नको. या कार्डावर टेप लावला आणि मशीन पहिल्याच झटक्यात बायोसमध्ये गेलं.

एचबीएचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातलं अंगचं सॉफ्टवेअर, तेही लगेच पाहून घेतलं. रेड कार्डाचं (अनेक डिस्क मिळून एकच दाखवणारं) फर्मवेअर असेल तर डिस्क कार्डाच्या आड लपतात आणि झेडएफएसला, म्हणजे रेड-झेड २ चालवणाऱ्या फाइल सिस्टिमला, त्यांचं खरं आरोग्य कळत नाही. डिस्क आहेत तशा दाखवणारं आयटी मोडचं फर्मवेअर हवं. या पिढीच्या कार्डांसाठी २०.००.०७.०० ही आवृत्ती शेवटची आणि भरवशाची. फ्लॅश करायची, म्हणजे फर्मवेअर बदलायची, वेळ आलीच तर कार्डावरच्या स्टिकरवरचा एसएएस पत्ता आधी लिहून ठेवा, आणि जुनं फर्मवेअर पुसल्यावर नवं चढेपर्यंत मशीन रीस्टार्ट करू नका. बूट रॉम चढवायची गरज नाही, या डिस्कवरून सिस्टिम सुरू करायचीच नाहीये.

मग आठ डिस्कचा एकत्र साठा, म्हणजे झेडएफएसचा 'पूल', तयार झाला, माल भरायला सुरुवात झाली. आठवडाभरात ३० टीबी आत आलं. सगळं हिरवं, एकही त्रुटी नाही. पहिली तपासणी, म्हणजे स्क्रब, लावली तेव्हा तिला चौदा तास लागले.

चौदा तास का

प्रत्येक डिस्कवर पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा माल परत बांधायची जादा माहिती) धरून सुमारे ५ टीबी माल होता. ५ टीबी चौदा तासांत म्हणजे डिस्कमागे सेकंदाला १०० एमबी. या डिस्क बाहेरच्या कडेला १९०-२०० एमबी देतात, आतल्या कडेला निम्म्यावर येतात. सरासरी १६०च्या आसपास धरली तर नऊ तासांत काम व्हायला हवं होतं. एखादी डिस्क आजारी असती तर तिचा एकटीचा वेग पडला असता. इथे आठही डिस्क अगदी सारख्याच वेगाने चालत होत्या. आठही एकाच आकड्यावर अडकल्या की समजावं, दोष डिस्कमध्ये नाही, त्या ज्या वाटेने येतात त्या वाटेत आहे.

वाट किती रुंद आहे ते लिनक्स सांगतं. 'एलएसपीसीआय' ही कमांड 'व्हीव्ही' पर्यायासह, रूट अधिकाराने चालवायची. प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी महत्त्वाच्या: 'लिंक कॅप' म्हणजे कार्डाची कुवत, 'लिंक स्टा' म्हणजे आत्ता प्रत्यक्ष मिळालेलं. एचबीएखाली कुवत होती ८ गिगाट्रान्सफर (एका लेनचा वेग), रुंदी एक्स ८. मिळालेलं होतं ५ गिगाट्रान्सफर, रुंदी एक्स २, आणि दोन्हींपुढे 'डाउनग्रेडेड' हा शब्द.

वेग ५वर येणं अपेक्षितच होतं, कारण बी४५० चिपसेटच्या सगळ्या लेन पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या आहेत. पण रुंदी एक्स ४ मिळायला हवी होती, ती एक्स २ कशी? उत्तर बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये, स्लॉटांच्या तक्त्याखालच्या बारीक टिपेत होतं: दोन एक्स १ स्लॉटांपैकी एकही वापरात असेल तर खालचा लांब स्लॉट एक्स २वर चालेल.

लेनचा हिशेब

ही टीप का असते ते समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. रायझन ५ ३६००कडे एकूण २४ लेन: १६ वरच्या स्लॉटला, ४ एम.टूला, ४ चिपसेटकडे जाणाऱ्या रस्त्याला. बाकी सगळे स्लॉट चिपसेटवर पोसले जातात, आणि बी४५०कडे त्यासाठी दुसऱ्या पिढीच्या फक्त सहा लेन आहेत. या बोर्डावर त्या अशा वाटल्या होत्या: एक अंगच्या लॅनला, एक वाय-फायला, उरल्या चार. या चार लेन खालच्या लांब स्लॉटला तरी मिळतात, नाहीतर त्यातल्या दोन काढून मधल्या दोन एक्स १ना दिल्या जातात. बोर्डावरचा एक स्विच मशीन सुरू होताना ठरवतो. एक्स १मध्ये काहीही बसलं की दोन लेन गेल्या, मग त्या दुसऱ्या एक्स १मध्ये काही असो वा नसो.

दुसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला ५०० एमबी देते, तिसऱ्या पिढीची सुमारे ९८५. हे कागदावरचे आकडे. डेटाच्या पाकिटांचा वाहतूक खर्च वजा जाता पाचपैकी चार भाग हाती येतो असं धरावं. म्हणजे दुसऱ्या पिढीच्या दोन लेन हजार नव्हे, ८०० एमबी देतात. भागिले आठ डिस्क, शंभर. चौदा तासांचा हिशेब इथे मिटला.

स्लॉट डोळ्यांनीही ओळखता येतो. टॉर्च धरून आत बघा. एक्स १६च्या पूर्ण स्लॉटात प्रत्येक बाजूला ८२ पिना, एक्स ८ला ४९, एक्स ४ला ३२, एक्स १ला १८. लांब स्लॉटात साधारण एक तृतीयांश लांबीनंतर पिना संपून नुसतं प्लास्टिक दिसलं तर तो एक्स ४ आहे. पण स्विच कुठून काय वळवतो हे टॉर्चने दिसत नाही. त्यासाठी मॅन्युअलला पर्याय नाही, आणि ते बोर्ड विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून उतरवून वाचता येतं.

कामाला किती लागतं

इथे पहिला विचार सुचतो तो मोठा बोर्ड घेण्याचा. दुसरा, एका स्लॉटाचे चार करणाऱ्या कार्डाचा. दोन्ही बाजूला ठेवून आधी प्रत्येक कामाची खरी भूक मांडली.

आठ डिस्क एकदम वाचल्या तर ८ गुणिले २००, म्हणजे १६०० एमबी. ही भूक खरी आहे आणि ती महिन्याला स्क्रबच्या वेळी आणि डिस्क बदलताना लागतेच. डिस्क बदलताना तर वेग म्हणजे सुरक्षितता, कारण पुनर्बांधणी जितकी लांबते तितका वेळ पूल लंगडा.

नेटवर्कचं काय? घरात आधी दहा गिगाबिटचा विचार चालला होता. पण कॅमेऱ्याचं फोरके चित्रीकरण १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन ३७.५ एमबी. कॅमेऱ्यातला सगळ्यात जड ६०० मेगाबिटचा मोड धरला आणि तीन कॅमेरे एकदम चालवले तरी २२५ एमबी. अडीच गिगाबिटची जोडणी प्रत्यक्षात २८० एमबी सहज देते. एका लग्नाचा माल सुमारे ४५० जीबी. तो एक गिगाबिटवर ६७ मिनिटं घेतो, अडीचवर २७. आणि कार्डवरून उतरवताना तर अडचण नेटवर्कची नसतेच: साध्या यूएचएस-१ मेमरी कार्डाची कमाल मर्यादाच १०४ एमबी आहे. दहा गिगाबिटचा या घराला उपयोग झाला नसता, आणि त्या कार्डाने एक मोठा स्लॉट मात्र अडवला असता. अडीच गिगाबिटला दुसऱ्या पिढीची एकच लेन पुरते.

दुसरी एनव्हीएमई नेटवर्कपुढे कधीच अडणार नाही, पण ती आरशातली जोडीदार आहे आणि जोडीत लिहिण्याचा वेग हळू डिस्कचा असतो. एक्स १मध्ये तो ४०० एमबी होता. सर्व्हरवरच प्रॉक्सी (एडिटिंगसाठीच्या हलक्या प्रती) तयार करताना, मोठ्या फोल्डरची प्रत काढताना हे जाणवत होतं. दोन-चार लेन मिळाल्या तर बरं, पण अडून बसण्यासारखं नाही.

आणि डिस्प्ले. सोळा लेन अडवून बसलेलं हे काम वर्षातून दोनदा लागतं.

असं लिहिल्यावर चूक समोर आली: बोर्डाचा सगळ्यात रुंद रस्ता सगळ्यात रिकाम्या कामाला दिला होता.

डिस्प्ले कार्ड हटवणं

कार्ड काढून मशीन तसंच सुरू करून पाहिलं. बरेच बोर्ड डिस्प्लेशिवाय चालू होतात. हा बोर्ड बीप देऊन थांबत होता. कार्ड एक्स १मध्ये हलवणं म्हणजे पुन्हा त्याच दोन लेन गमावणं. म्हणून प्रोसेसर बदलला: रायझन ५ ५६००जी. अंगचं ग्राफिक्स आहे, वरच्या स्लॉटला तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन देतो, ६५ वॅटचाच आहे, आणि जुना कूलर चालतो. ३४००जीसारख्या आधीच्या जी प्रोसेसरांकडे वरच्या स्लॉटासाठी आठच लेन असतात. एचबीएला तेवढ्याही पुरल्या असत्या, पण पुढे काही बदलायचं तर हात बांधले जातात.

एक किंमत मोजावी लागते ती सांगितली पाहिजे. साध्या ५६००जीला ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम चालत नाही. ३६०० काही बोर्डांवर ती चालवतो. या मशीनमध्ये रॅम साधीच होती म्हणून नवं नुकसान झालं नाही, पण ज्यांच्याकडे ईसीसी रॅम आहे त्यांनी हा मार्ग धरू नये.

क्रम इथे चुकला तर मशीन अडकून पडतं. नव्या प्रोसेसरला नवा बायोस लागतो, आणि तो जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच चढवायचा. आधी ५६००जी बसवला असता तर पडदा काळा आणि बायोस चढवायला हातात काही नाही. पेन ड्राइव्हवरून, यूपीएसला जोडून, महावितरणची लाइट जायची वेळ नसताना हे काम उरकलं. बायोस चढवल्यावर सेटिंग मूळ स्थितीत येतात, तेव्हा पंख्यांची गती, वीज आल्यावर आपोआप सुरू होणं वगैरे पुन्हा लावून घ्यावं.

नेटवर्क वाय-फायच्या जागी

सर्व्हरला वाय-फाय लागत नाही. पण वाय-फायच्या छोट्या कार्डाखाली एम.टूचाच एक स्लॉट असतो, ई-खाचेचा, आणि त्याला चिपसेटची एक स्वतंत्र लेन आहे. त्या खाचेत बसणारी अडीच गिगाबिटची कार्डं मिळतात, ए+ई की नावाने, बहुतेक आरटीएल८१२५बी चिपची. छोटं सर्किट स्लॉटात बसतं, त्यातून एक चपटी केबल निघते आणि तिच्या टोकाला नेटवर्कचा पोर्ट ब्रॅकेटवर.

बोर्डावर वाय-फाय कार्ड मागच्या पोर्टांजवळ उभ्या पत्र्याच्या डबीत होतं. अँटेनाच्या दोन तारा नखाने सरळ वर उचलून सोडवायच्या, स्क्रू काढायचा, डबी बाहेर. नवं सर्किट उभं बसवताना त्याची पाठ पत्र्याला टेकत होती, तिथे कॅप्टॉन टेपचाच एक पट्टा लावला. पोर्टचं ब्रॅकेट रिकाम्या एक्स १ स्लॉटाच्या मागच्या खिडकीत स्क्रूने बसवलं. स्लॉट रिकामा, खिडकी मात्र उपयोगात आली. चपट्या केबलला काटकोनात मोडू नका. तिच्यातली एखादी रेघ तुटली की लिंक कधी येते कधी जाते, आणि दोष शोधताना सगळ्यात शेवटी तिकडे लक्ष जातं.

इंटेल बोर्डावर हाच प्रयोग करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. तिथे काही वाय-फाय स्लॉट फक्त सीएनव्हीआय प्रकारचे असतात, त्यांत पीसीआय एक्सप्रेसची लेन नसतेच. मूळ कार्ड एएक्स२०१ असेल तर सावध राहा. एएक्स२०० किंवा एएक्स२१० असेल तर लेन आहे.

आठवडाभरात दोनदा ही जोडणी काही सेकंद तुटली. बायोसमध्ये एएसपीएम, म्हणजे लिंकची वीजबचत, बंद केल्यावर पुन्हा तुटली नाही. यूएसबीवरचं अडीच गिगाबिटचं अडॅप्टर हा सोपा पर्याय होता, पण चोवीस तास चालणाऱ्या मशीनला यूएसबीवर टांगलेलं नेटवर्क आम्ही सुचवत नाही. लॅपटॉपला ते छान आहे, आणि तिच्या लॅपटॉपला ते लावलंही.

एचबीए वर, एनव्हीएमई खाली

आता वरचा एक्स १६ मोकळा, आणि एक्स १चे दोन्ही स्लॉट रिकामे असल्याने खालच्या स्लॉटला चारही लेन. एचबीए वर गेलं. खाली एम.टू अडॅप्टर, या वेळी एक्स ४चं. ही अडॅप्टर कार्डं नुसती तारांची असतात, चिप नसते, त्यामुळे बिघडायला फारसं काही नसतं. घेताना एकच बघायचं, ते एनव्हीएमईसाठीच आहे; दिसायला तसंच एम.टू साटाचं अडॅप्टरही मिळतं आणि त्यात एनव्हीएमई चालत नाही.

आठ डिस्कना दुसऱ्या पिढीच्या चार लेनही, १६०० एमबी हिशेबाने, जेमतेम पुरल्या असत्या. तरी एचबीए वर ठेवण्याची दोन कारणं. वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला आहे. पुढे कधी व्हर्च्युअल मशीनला (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनला) एचबीए सोपवायचं झालं तर तो स्लॉट सोपवण्याच्या स्वतंत्र गटात सापडतो. चिपसेटवरचे स्लॉट लॅन आणि साटासकट एकाच गटात येतात आणि एक उचलायला गेलं की सगळेच उचलावे लागतात. दुसरं कारण हवा: वरच्या स्लॉटाला प्रोसेसरच्या कूलरचा वारा लागतो.

तो वारा पुरत मात्र नाही. हे कार्ड सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेलं, सुमारे १० वॅट उष्णता एका छोट्या हीटसिंकवर. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद खोलीत या हीटसिंकला बोट लावून धरता येत नाही. तापलेलं एचबीए सरळ बंद पडत नाही. कुठल्याही डिस्कवर सुट्या त्रुटी दाखवतं आणि माणूस चांगल्या डिस्क बदलत बसतो. ४० मिलिमीटरचा पंखा हीटसिंकच्या पात्यांमध्ये चार बारीक स्क्रूंनी पकडून बसवला, वायर बोर्डाच्या पंख्याच्या पिनांवर.

केबलमध्ये एक जुनी फसगत आहे. एचबीएपासून चार डिस्ककडे जाणारी केबल 'फॉरवर्ड ब्रेकआउट' हवी. 'रिव्हर्स' दिसायला हुबेहूब तशीच, पण ती बोर्डाच्या चार साटा पोर्टांपासून डिस्कच्या पेटीकडे जाण्यासाठी. चुकीची लावली तर काही जळत नाही, नुसती एकही डिस्क दिसत नाही. दोन केबल लागल्या, ०.७५ मीटरच्या. ब्रॅकेटही बघून घ्या: सर्व्हरमधली कार्डं अनेकदा ७९ मिलिमीटरच्या बुटक्या ब्रॅकेटसह येतात, घरच्या कॅबिनेटला १२० मिलिमीटरचं लागतं. बिनब्रॅकेटचं कार्ड केबलच्या ओढीने तिरकं होतं.

डिस्कच्या विजेकडे तितकंच लक्ष हवं. फिरायला सुरुवात करताना एक डिस्क १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. आठ मिळून १९० वॅटच्या पुढे, काही सेकंद. पॉवर सप्लायला हे जड नाही. जड जातं ते एका साटा कनेक्टरवर चार डिस्कचा स्प्लिटर लावणं. साटा पॉवर कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना मिळून ४.५ अँपिअरच्या आहेत आणि चार डिस्क ८ मागतात. कनेक्टर पिवळा पडतो, मग वितळतो. इथे पॉवर सप्लायच्या दोन वेगळ्या तारांवर चार-चार डिस्क घेतल्या, स्प्लिटर एकही नाही.

जे नको म्हटलं

वरच्या सोळा लेन बायोसमधून ८, ४ आणि ४ अशा फोडता येतात. ५६००जीला ते जमतं. पण बायोसमध्ये पर्याय दिलेला असला पाहिजे, आणि या बोर्डाच्या बायोसमध्ये तो नव्हता. एनव्हीएमईची चार जागांची स्वस्त कार्डं या विभागणीवरच अवलंबून असतात. विभागणी नसेल तर चारपैकी एकच डिस्क दिसते. स्वतःची स्विच चिप असलेली कार्डं कुठेही चालतात, पण महाग आणि गरम. एका एक्स १चे चार करणारे, यूएसबीच्या निळ्या केबलचे रायझर क्रिप्टो नाण्यांच्या 'खाणकामा'साठी बनले; त्यांच्यावर डिस्क जोडू नयेत. आणि आठ-दहा पोर्टांचं स्वस्त साटा कार्ड घेताना त्यावरच्या चिपा मोजाव्या. एएसएम११६६ स्वतः सहा पोर्ट देते, जेएमबी५८५ पाच. एका छोट्या चिपपुढे पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टचे अनेक करणारी चिप) लावून दहा पोर्ट केले असतील तर एक डिस्क अडखळली की तिच्या मल्टिप्लायरवरच्या सगळ्याच गळतात, आणि रेड-झेड २ला दोनपेक्षा जास्त एकदम गेलेल्या चालत नाहीत.

नव्या मांडणीची तपासणी

पुन्हा 'एलएसपीसीआय'. एचबीए: ८ गिगाट्रान्सफर, एक्स ८, पूर्ण. नेटवर्क: ५, एक्स १, पूर्ण. दुसरी एनव्हीएमई: ५, एक्स ४, वेगापुढे 'डाउनग्रेडेड'. हा शेवटचा शब्द इथे काळजीचा नाही, तिसऱ्या पिढीची डिस्क दुसऱ्या पिढीच्या स्लॉटात बसली आहे एवढंच तो सांगतो. रुंदीपुढे तो शब्द आला तर मात्र कार्ड काढून पट्टी पुसा, नीट बसवा, मॅन्युअल बघा. आणि तपासणी भार असताना करा. निवांत असताना काही उपकरणं वीज वाचवायला लिंकचा वेग स्वतःच उतरवतात.

मग आठही डिस्क एकाच वेळी, नुसत्या वाचण्यासाठी, 'डीडी' या कमांडने दहा मिनिटं चालवल्या. एकेकटी डिस्क जितका वेग देते तितकाच आठ एकत्र असताना प्रत्येकीने दिला, एकूण दीड जीबीच्या वर. हीच खरी कसोटी. एकटी आणि आठजणींतली, दोन्ही वेगांत फरक पडला तर वाट अजून अरुंद आहे. पुढच्या स्क्रबला नऊ तास लागले. तो शून्य त्रुटींनी पार पडल्यावरच जुन्या सतरा डिस्क बबल रॅपमध्ये बांधून तिच्या माहेरी, सिन्नरला, दुसरी प्रत म्हणून ठेवल्या. खरखरणाऱ्या दोन डिस्कवरचा माल त्याआधी एका नव्या डिस्कवर उतरवला.

सर्व्हर निवांत असताना १०० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला सुमारे ७२ युनिट. यूपीएस यूएसबीने जोडला आहे. बॅटरी पाच मिनिटांवर आली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं.

डिस्क आणखी वाढल्या तर नवा स्लॉट लागणार नाही. एसएएस एक्स्पांडर (एका पोर्टवर अनेक डिस्क जोडणारं सर्किट) एचबीएच्याच एका पोर्टला जोडता येतो आणि तो लेन खात नाही. पॉवर सप्लायच्या तारेवर चालणारा घेतला तर स्लॉटही नाही. त्यासाठी एचबीएवरच्या चार डिस्क त्याच्याकडे हलवाव्या लागतील, म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे आत्ताच लिहून ठेवले आहेत.

कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाच्या आतून तिने एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार स्लॉटांचं चित्र, प्रत्येकापुढे कार्ड, पिढी आणि रुंदी, आणि मधल्या दोन छोट्या स्लॉटांवर लाल पेनाने लिहिलंय: इथे काहीही बसवू नये, खालच्याच्या दोन लेन जातात.